नोकरीचे तास आणि समाजाचे काम

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपाने उद्ध्वस्त झाली. मदतपथकांना शहराच्या तपशीलवार नकाशाची निकड भासली. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त उपक्रमाच्या शेकडो स्वयंसेवकांनी देशोदेशी घरबसल्या, फावल्या वेळात, उपग्रहचित्रांवरून रस्ते व निवारा-छावण्या रेखाटून तो पुरविला.

हे साधले ते कामाच्या विभागणीमुळे. एकाने अपुरा ठेवलेला भाग दुसऱ्यास पुढे नेता येत असे. नोकरी सोडण्याची गरज कोणासच नव्हती. याउलट, एकट्याच्या उत्साहावर उभी राहिलेली संगणक-प्रणाली त्याच्या बदलीबरोबर बंद पडते आणि त्याची झळ गावाला बसते.

शासकीय सेवकांस अशा कार्याची वाट मोकळी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये सामाजिक स्वरूपाचे मानद काम पूर्वपरवानगीविना करता येते. मात्र शासकीय कर्तव्यास बाधा येता कामा नये, आणि शासनाने सांगितल्यास ते थांबवावे लागते.

म्हणून आठवड्याचे तास आधी ठरवावेत, काम बेताचे घ्यावे, त्याची नोंद ठेवावी व गावातीलच दोघांना ते शिकवावे. कर्ता दूर गेल्यावरही जे चालू राहते, तेच काम समाजाचे होते.