३०० ची ताकद, ३००० चा वार

आपल्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर रात्री अकरानंतर अभ्यासाच्या नावाखाली काय चालतं, हे रेक्टर सरांनाही चांगलंच ठाऊक आहे. सबमिशनच्या फायली उशाला आणि मोबाइलवर 'यू-गी-ओ मास्टर ड्युएल'. परवा शेजारच्या रूममधला ज्युनिअर आपला डेक दाखवायला आला. एकजात सगळे तगडे पत्ते. मी सहज विचारलं, "यात कुरिबो का नाही?" तो हसलाच. "काय दादा, तीनशे अटॅकचा पत्ता कोण ठेवतं?"

ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. एकदा मीही तसाच हसलो होतो आणि तोंडावर आपटलो होतो. म्हणून ठरवलं, या अंकात कमकुवत दिसणाऱ्या पत्त्याची किंमत कशी करायची, यावरच लिहावं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काझुकी ताकाहाशी यांची यू-गी-ओ ही चित्रकथा जपानमध्ये १९९६ साली सुरू झाली. त्यावरून कोनामी कंपनीने १९९९ मध्ये पत्ते काढले, इंग्रजी पत्ते २००२ मध्ये आले. प्रत्येक खेळाडूला ८००० लाइफ पॉइंट असतात. डेक किमान ४० पत्त्यांचा आणि एकच पत्ता जास्तीत जास्त तीनदा. सुरुवातीला हातात पाच पत्ते, मग प्रत्येक पाळीला एक उचलायचा. मॉन्स्टरच्या पत्त्यावर अटॅक आणि डिफेन्सचे आकडे छापलेले असतात. समोर मॉन्स्टर नसेल तर पूर्ण अटॅक थेट लाइफ पॉइंटवर बसतो. 'ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन'चा अटॅक ३०००. आपला कुरिबो म्हणजे केसाळ चेंडूला डोळे फुटावेत तसा प्राणी. अटॅक ३००, डिफेन्स २००.

आमचं गाव वळ, भिवंडी तालुक्यात. गावाभोवती गोदामंच गोदामं, दिवसभर कंटेनरची ये-जा. बाबा यंत्रमागाच्या मोटरी दुरुस्त करतात. दहावीच्या सुट्टीत मी आणि धाकटा भाऊ एका बंद गोदामाच्या सावलीत बसून हे पत्ते खेळायचो. पत्ते अर्थातच नकली, टपरीवर पाकिटातून मिळणारे. मला पाकिटांतून तीन कुरिबो निघाले होते. एकदा त्यातला एक मी मोठ्या ऐटीत अटॅकमध्ये मैदानात उतरवला. समोरच्या मित्राच्या ड्रॅगनने त्याला उडवलं आणि माझे ३००० वजा ३००, म्हणजे २७०० पॉइंट गेले. त्या दिवसापासून कुरिबो माझ्या लेखी रद्दी.

भावाला पाकिटात ब्लू-आइज निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, "एका पत्त्याचे तीन देतो, बघ." तो सहावीत होता. त्याने तीन कुरिबो घेतले आणि ड्रॅगन मला दिला. आपण लहान भावाला फसवतोय हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी दिले.

पण भाऊ मराठी माध्यमाचा. इंग्रजी मजकूर भरभर वाचून सोडून देणं त्याला जमायचं नाही, म्हणून तो डिक्शनरी घेऊन पत्त्यावरची बारीक ओळ शब्द न् शब्द लावत बसला. आठवड्याने डाव असा आला: त्याचे ११०० पॉइंट उरलेले, माझे ७००. त्याचं मैदान रिकामं आणि माझा ड्रॅगन उभा. मी हल्ला केला आणि पत्ते गोळा करायला हातही पुढे केला. त्याने शांतपणे हातातला कुरिबो टाकला. "वाच दादा." समोरच्याच्या पाळीत, हल्ल्याचं नुकसान मोजायच्या वेळी हा पत्ता हातातून टाकून दिला तर त्या लढाईचं तुमचं नुकसान शून्य! पुढच्या पाळीला त्याने एक पत्ता उचलला तो 'ओकाझी'. समोरच्याचे थेट ८०० पॉइंट कापणारा. माझे होते ७००. संपला डाव.

ओट्यावरून आजोबा बघत होते. मेंढीकोटात आयुष्य गेलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "एक्का मोठा खरा, पण हुकमाची दुर्री त्याला कापते. पत्ता कितीचा ते नंतर, कशाचा ते आधी बघावं."

या फजितीनंतर मी पत्ता पारखताना स्वतःला चार प्रश्न विचारतो.

पहिला, हा पत्ता कुठून काम करतो? कुरिबो मैदानात उतरवणं हीच माझी चूक होती. त्याची जागा हातात. मैदानावर झाकून ठेवलेले ट्रॅप आणि स्पेल 'हार्पीज फेदर डस्टर' एका झटक्यात साफ करतो, पण हातातल्या कुरिबोला तो शिवत नाही. शिवाय समोरच्याला तो दिसतही नाही. यालाच खेळाडू 'हँड ट्रॅप' म्हणतात.

दुसरा, किंमत काय आणि मोबदला काय? माझा एक पत्ता गेला, समोरच्याचा एकही गेला नाही. हिशोबाने हा तोटाच. ड्रॅगनचा वार वाचला म्हणजे ८००० पैकी ३००० वाचले, पण डावाच्या सुरुवातीला तेवढा वार सोसता येतो. शेवटी मात्र तोच वार म्हणजे हार. म्हणून कुरिबो पहिल्या वाराला टाकायचा नाही, जीवघेण्या वाराला टाकायचा. त्याने भावाला डाव जिंकून दिला नाही, फक्त एक पाळी मिळवून दिली. त्या पाळीत ओकाझी आला हे नशीब. पण पाळीच नसती तर नशिबाला जागा कुठे होती?

तिसरा, वेळेवर हाती येईल का? इथे आपल्या मॅथ्सचा उपयोग होतो. ४० च्या डेकमध्ये एकच कुरिबो असेल तर पहिल्या पाच पत्त्यांत तो येण्याची शक्यता साडेबारा टक्के. तीन असतील तर तिन्ही न येण्याची शक्यता ३७/४० × ३६/३९ × ३५/३८ × ३४/३७ × ३३/३६, म्हणजे सुमारे ६६ टक्के. म्हणून निदान एक येण्याची सुमारे ३४ टक्के. दहा पत्ते पाहून होईपर्यंत हीच शक्यता ५९ टक्क्यांवर जाते. पण तिन्ही एकदम हातात आले तर हल्ला कोण करणार? म्हणून मी दोनच ठेवतो.

चौथा, त्याचा कमकुवतपणाच कुठे कामी येतो का? 'सांगान' नावाचा मॉन्स्टर मैदानातून ग्रेव्हयार्डमध्ये गेला की डेकमधून १५०० किंवा त्याहून कमी अटॅकचा एक मॉन्स्टर हातात आणून देतो. कुरिबो त्यात बसतो, ड्रॅगन बसत नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. फ्यूजची तार मुद्दामच कमजोर ठेवतात. बाबा नेहमी सांगतात, फ्यूजच्या जागी जाड तार घालणाऱ्याची मोटर जळते.

आता ज्युनिअरची बाजूही मांडायला हवी. कुरिबो फक्त एका लढाईचं नुकसान थांबवतो. तीन मॉन्स्टर चालून आले तर दोन वार बसणारच. आपला मॉन्स्टर फुटायचा तो फुटतोच, आणि ओकाझीसारख्या पत्त्याचं नुकसानही तो अडवत नाही. आज एका पाळीत मैदान भरून टाकणारे डेक आहेत, त्यामुळे स्पर्धेत मूळ कुरिबो फारसा दिसत नाही. पण त्याची वाट चालू आहे. 'इफेक्ट व्हेलर'चा अटॅक शून्य आणि डिफेन्सही शून्य. तरी समोरच्याच्या मेन फेजमध्ये तो हातातून टाकला की त्याच्या एका मॉन्स्टरचा इफेक्ट त्या पाळीपुरता बंद पडतो. मोठमोठे खेळाडू तो वापरत आलेत. तेव्हा ज्युनिअरने कुरिबो नाही घेतला तरी चालेल. पण आकडा बघून नको, ओळ वाचून नको म्हणावं.

आमच्या त्या डावानंतर मी भावाला ड्रॅगन परत द्यायला गेलो. मन खात होतं. मी फसवलं होतं हे कबूलही केलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. पण मला तीन पत्ते हवे होते." ड्रॅगन त्याने घेतला नाही.

तो ड्रॅगन अजून माझ्या ड्रॉइंगच्या ट्यूबमध्ये पडलाय. कुणाला हवा असेल तर रूमवर या. बदल्यात एक कुरिबो चालेल.