जायफळाची बाग : नर झाड कोणते, मादी कोणते?

जायफळ ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच. श्रीखंडात व पुरणात ते किसून घातले जाते आणि तान्ह्या मुलाच्या गुटीसाठी सहाणेवर त्याचे एक-दोन वेढे उगाळले जातात. परंतु जायफळाचे झाड पाहिलेली माणसे थोडी, आणि ते लावून वाढविलेली त्याहून थोडी. कोकणातील व गोमंतकातील काही बागाईतदारांनी नारळी-पोफळीच्या वाड्यांतून हे झाड लावले आहे व त्यांना त्यापासून चांगले उत्पन्नही मिळत आहे. त्यांचे पाहून इतरही शेतकरी रोपांची मागणी करू लागतात. अशी मागणी आली म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्त्याने रोपे देण्यापूर्वी एक गोष्ट शेतकऱ्यास नीट समजावून सांगितली पाहिजे. ती न सांगितल्यामुळे सात-आठ वर्षांची मेहनत निम्मी वाया गेल्याची उदाहरणे घडतात.

जायफळात नर झाड वेगळे व मादी झाड वेगळे असते. फळे मादी झाडासच लागतात. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी रोपे नर निघतात, आणि कोणते रोप नर व कोणते मादी हे झाडास फुले येईपर्यंत कळत नाही. बियांपासून वाढविलेल्या झाडास पहिली फुले येण्यास साधारणपणे सहा ते आठ वर्षे लागतात. समजा, एखाद्या शेतकऱ्याने अशी ४० रोपे लावली. आठव्या वर्षी त्याला सुमारे २० मादी झाडे मिळतील व तितकीच नर झाडे मिळतील. परागीभवनासाठी दहा मादी झाडांमागे एक नर झाड पुरेसे होते. म्हणजे २० मादी झाडांस दोन नर झाडे पुरतात. उरलेल्या १८ झाडांनी आठ वर्षे पाणी, खत व जागा घेतली, परंतु त्यांच्यापासून एकही फळ मिळावयाचे नाही. त्या वेळेपर्यंत रोपे देणारा कार्यकर्ता बहुधा दुसऱ्या तालुक्यात बदलून गेलेला असतो. शेतकरी मात्र त्याच वाडीत राहतो.

पानाच्या आकारावरून, शिरांच्या ठेवणीवरून किंवा बी लांबट आहे की गोल यावरून नर-मादी ओळखता येते, असे सांगणारे जाणते गावोगावी भेटतात. ह्यांपैकी कोणत्याही खुणेवर विसंबून राहू नये.

फुलांवरून ओळख

फुले आल्यावर मात्र ओळख कठीण नाही. फुले लहान, फिकट पिवळी, घंटेच्या आकाराची व सुवासिक असतात. नर फुले बहुधा घोसाने येतात. मादी फुले एकेकटी किंवा दोन-तीन मिळून येतात. नर फूल काहीसे लांबट व सडपातळ असते, मादी फूल बुडाशी थोडे फुगीर दिसते. शंका वाटल्यास ब्लेडने फूल उभे चिरून पाहावे. आत मधोमध पुंकेसरांचा बारीक दांडा दिसला तर ते नर फूल. पेरूच्या आकाराचा इवलासा अंडाशय दिसला तर मादी. एका झाडावरील एकच फूल पाहून निर्णय करू नये, निरनिराळ्या फांद्यांवरील आठ-दहा फुले चिरून पाहावीत.

नर ठरलेले झाड पहिल्याच बहरात तोडण्याची घाई करू नये. काही नर झाडांवर पुढे थोडी मादी फुलेही येतात व चार-दोन फळे धरतात. म्हणून दोन बहर पाहून, झाडाच्या बुंध्यास रंगाची खूण करून ठेवावी आणि मगच काय ते ठरवावे. ठेवावयाची नर झाडे बागेत एकाच कोपऱ्यात न राहता पसरलेली असावीत, कारण परागकण वाहून नेण्याचे काम लहान भुंगेऱ्यांसारखे कीटक करतात व त्यांची धाव मोठी नसते.

कलमे हाच खरा उपाय

ज्याच्या फळांची परीक्षा झाली आहे अशा मादी झाडाची काडी घेऊन बांधलेले कलम लावले, तर हा सर्व प्रश्न मुळातच मिटतो. कलम निश्चितपणे मादी असते, मातृवृक्षाचे गुण घेऊन येते आणि तीन-चार वर्षांत त्यास फुले दिसू लागतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद, कोकण श्रीमंती व कोकण संयुक्ता ह्या जाती प्रसारित केल्या आहेत. त्यांपैकी कोकण संयुक्ता ह्या जातीत नर व मादी दोन्ही फुले एकाच झाडावर येतात. चार-पाचच झाडे लावावयाची असतील अशा परसबागेस ती विशेष सोयीची आहे. केरळातील कालिकत येथील मसाला पिके संशोधन संस्थेची विश्वश्री ही जातही प्रसिद्ध आहे. केवळ मादी कलमे लावणाऱ्याने दर दहा कलमांमागे एक नर कलम न विसरता मागून घ्यावे. सर्वच झाडे मादी लावून फळे का धरत नाहीत म्हणून विचारणारे बागाईतदारही आढळतात.

कलम घेताना आणखी एक बारकावा पाहावा लागतो. जायफळाच्या झाडास दोन प्रकारचे फुटवे असतात. एक सरळ वर चढणारा शेंड्याचा, दुसरा आडवा पसरणारा फांदीचा. सरळ फुटव्याची काडी बांधली तर कलमाचे झाड उभे, शंकूच्या आकाराचे होते. आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड झुडपासारखे आडवे पसरते. सरळ काड्या एका झाडावर थोड्याच मिळतात. म्हणून पुष्कळ रोपवाटिकांतून आडव्या काडीची कलमे मिळतात. ती वाईट असतात असे नव्हे. त्यांनाही फळे येतात व ती जमिनीवर उभे राहून काढता येतात. परंतु नारळाच्या दोन ओळींमध्ये लावण्यास, जेथे खालची जागा मोकळी ठेवावयाची असते तेथे, उभे वाढणारे कलमच बरे. खरेदीच्या वेळी हे विचारून घ्यावे.

कलमाच्या खुंटासाठी जायफळाचेच रोप वापरतात. रामपत्रीचाही खुंट चालतो. रामपत्री हा आपल्या सह्याद्रीच्या रानातला जायफळाचा भाऊबंद. त्याच्या पत्रीला जायपत्रीचा सुवास नसतो, तरी जायपत्रीत भेसळीसाठी ती वापरली जाते. ह्या कुळातील वृक्षांच्या पाणथळ राया आता फार थोड्या उरल्या आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील अशी राई २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. खुंटासाठी अशा रायांतून रोपे उपटून आणणे सर्वथा अयोग्य आहे.

खुंटास जोडाच्या खाली येणारे फुटवे दिसताच खुडून टाकावेत. ही सूचना सर्वच कलमांस लागू असली तरी जायफळात तिचे महत्त्व अधिक आहे. खुंट हा बियांपासून झालेला असतो, तेव्हा तो नर की मादी हे कोणासच माहीत नसते. खालचा फुटवा माजला व वरची काडी मेली, की शेतकरी ज्या अनिश्चिततेतून सुटण्यासाठी पैसे मोजतो तिच्यातच पुन्हा सापडतो.

कलमे मिळत नसल्यास एका खड्ड्यात दोन रोपे हातभर अंतराने लावण्याची युक्ती काहीजण करतात. फुले आल्यावर नर रोप काढून टाकावयाचे. हिशेबाने पाहता चारांपैकी एका खड्ड्यात दोन्ही रोपे नर निघतील; म्हणजे ४० खड्ड्यांत सुमारे १० खड्डे फुकट जातील. नुसत्या रोपांपेक्षा हे बरे, कलमापेक्षा कमी. रोपे घरीच करावयाची असल्यास झाडावर तडकलेल्या फळाचे ताजे बी त्याच दिवशी, फार तर दोन-तीन दिवसांत पेरावे. बी वाळले की त्याची उगवणशक्ती जाते. वाण्याच्या दुकानातील जायफळ रुजत घालणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. हे झाड मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांवरचे. त्या बेटांवर ताबा असताना डच व्यापारी जायफळे चुन्याच्या पाण्यात बुडवूनच बाहेर पाठवीत; बी अन्यत्र रुजू नये हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो.

वाढलेल्या नर झाडांचे काय करावे?

ज्यांच्या वाडीत नर झाडे अगोदरच उभी आहेत त्यांनी ती मुळापासून तोडू नयेत. जमिनीखाली मुळांचा जो विस्तार झालेला आहे ती आठ वर्षांची कमाई आहे. अशा झाडाचा बुंधा कमरेच्या उंचीवर करवतीने साफ कापावा. खालच्या एक-दोन फांद्या अन्नपुरवठ्यासाठी तशाच राखाव्यात. कापलेल्या भागास बोर्डो मलम लावावे. काही आठवड्यांनी बुंध्यावर नवे फुटवे येतात. त्यांपैकी तीन-चार जोमदार, सरळ फुटवे ठेवून बाकीचे काढावेत आणि ठेवलेल्या फुटव्यांवर मादी झाडाच्या काड्या बांधाव्यात. कलमे जीव धरून वाढू लागली की राखलेल्या फांद्या काढून टाकाव्यात. हे काम सराईत कलमकाराकडून करून घ्यावे, आणि एका वर्षी सर्व झाडांस हात न घालता दोन-तीन झाडांवर करून पाहावे. कडक उन्हाळ्यात व मुसळधार पावसात ते करू नये.

जागा, लागवड व निगा

जायफळास दमट हवा, निचऱ्याची कसदार जमीन व विरळ सावली लागते. उघड्या माळावर लावलेल्या कोवळ्या झाडांची पाने एप्रिल-मेच्या उन्हाने करपतात. म्हणून नारळाची जुनी बाग ही त्याची उत्तम जागा. नारळ साडेसात मीटरवर लावलेले असल्यास चार माडांच्या मधोमध एक जायफळ येते. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत मसाल्याची झाडे लावण्याची जी पद्धत ‘लाखी बाग’ ह्या नावाने लोकप्रिय केली, तीत जायफळास महत्त्वाचे स्थान आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी ती बाग प्रत्यक्ष पाहून यावी.

उन्हाळ्यात सर्व बाजूंनी ९० सेंटीमीटरचा खड्डा खणून तो चांगली माती व कुजलेले शेणखत घालून भरावा. लागवड पावसाळ्याच्या आरंभी करावी. जेथे पाणी साचण्याची भीती असेल तेथे पावसाचा जोर ओसरल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावी. कलमाचा जोड मातीत गाडला जाऊ नये. पहिल्या वर्षी प्रत्येक झाडास नत्र २० ग्रॅम, स्फुरद १८ ग्रॅम व पालाश ५० ग्रॅम द्यावे आणि वर्षागणिक हे प्रमाण वाढवीत न्यावे. पंधरा वर्षांच्या पूर्ण वाढलेल्या झाडास नत्र ५०० ग्रॅम, स्फुरद २५० ग्रॅम व पालाश एक किलो लागते. ही खते दोन हप्त्यांत विभागून, शेणखताबरोबर द्यावीत. अन्न शोषणारी मुळे अगदी वरच्या थरात असतात. म्हणून बुंध्याजवळ कुदळीने खोल खणू नये. खत पसरून हलकेच मातीत मिसळावे व वर झावळ्यांचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी पाणी द्यावे.

पावसाळ्यात फळे सडणे, कोवळी फळे अकाली तडकणे व फांद्या शेंड्याकडून वाळत येणे हे विकार दिसतात. पावसाळ्यापूर्वी एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी हे प्रमाण आहे. वाळलेल्या फांद्या कापून जाळाव्यात.

काढणी व वाळवण

फुलापासून फळ तयार होण्यास सुमारे नऊ महिने लागतात. थोडीबहुत फळे वर्षभर मिळत असली तरी मुख्य हंगाम जून ते ऑगस्ट, म्हणजे नेमका भर पावसातला असतो. कोकणातील बागाईतदाराची खरी परीक्षा येथेच होते. फळ पिकले की आपोआप तडकते व आतील लालभडक पत्री दिसू लागते. असे फळ आकडीने काढावे. खाली पडलेली फळे रोजच्या रोज वेचावीत. ओल्या जमिनीवर एक रात्र पडलेल्या फळास बुरशी धरते, आणि बुरशीचे जायफळ खाण्यास अपायकारक असते. ते चांगल्या मालात मिसळू नये.

जायपत्री हा सर्वांत मोलाचा भाग आहे. एका फळातून वाळलेली पत्री एक-दोन ग्रॅमच निघते, म्हणून ती अखंड, न फाटता सोडवावी. सुमारे ७५ अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून मग वाळविल्यास तिचा रंग टिकतो. जायफळ कवचीसह वाळवावे. मंद उष्णतेने वाळण्यास चार ते आठ आठवडे लागतात. ऊन नसताना चुलीवरच्या माळ्यावर किंवा साध्या धुराड्याच्या वाळवणगृहात पातळ थर पसरून रोज परतावे. मात्र उष्णता ४५ अंशांपुढे जाऊ देऊ नये, नाहीतर आतील स्निग्धांश वितळून माल हलका पडतो. जायफळ कानाशी धरून हलविले असता कवचीच्या आत मगज खुळखुळू लागला म्हणजे ते पुरते वाळले असे समजावे. फळाच्या जाड सालीचे लोणचे, मुरंबा व सरबत होते. ती उकिरड्यावर टाकू नये.