पर्यावरणशास्त्र : आपल्या अरण्यप्रदेशाची विद्या

शालेय शिक्षण संपत आले म्हणजे मुलाने पुढे कोणता मार्ग धरावा, ह्याची चिंता घरोघरी सुरू होते. वैद्यकी, इंजिनिअरिंग, वकिली हे मार्ग सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ज्या विद्येचे साहित्य आपल्या दाराशीच पसरलेले आहे, त्या पर्यावरणशास्त्राविषयी पालक आम्हांस क्वचितच विचारतात, आणि विचारले तर एवढेच, की “गुरुजी, त्यात पोटापाण्याचे काय?” प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही विद्या म्हणजे काय, ते पाहू.

हवा, पाणी, माती, वनस्पती, प्राणी आणि मनुष्य ह्यांचा परस्परसंबंध मोजमापाने जाणणे, हे ह्या शास्त्राचे कार्य होय. त्यास आपल्या प्रदेशाहून योग्य पाठशाळा कोठे मिळणार? चंद्रपूर व गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. गडचिरोलीचा सुमारे ७० टक्के भाग वनाने व्यापलेला आहे. ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९५५ साली येथेच झाले. उलटपक्षी, चंद्रपुराभोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि २,९२० मेगावॅट शक्तीचे वीजकेंद्र आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा चंद्रपुरास १०० पैकी ८३.८८ गुण मिळून त्याचा क्रम चौथा लागला. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, त्या परीक्षेत गुण जितके अधिक, तितकी दशा वाईट!

ह्या विद्येचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस केवळ बाकावर जात नाही. तो नदीवर जाऊन पाण्याचा नमुना घेतो आणि त्यात विरघळलेला प्राणवायू उडून जाऊ नये म्हणून काठावरच त्यात औषधे मिसळून बाटलीचे बूच घट्ट लावतो. रानात दहा मीटर लांब व तितकाच रुंद चौरस दोरीने आखून त्यातील साग, ऐन, मोह, तेंदू मोजतो आणि छातीइतक्या उंचीवर प्रत्येक खोडाचा घेर टिपून ठेवतो.

हवेतील धूळ कशी मोजतात, तेही पाहा. एक गाळणकागद तोलून यंत्रात बसवितात व त्यातून २४ तास हवा ओढतात. समजा, १,५०० घनमीटर हवा ओढली आणि कागदाचे वजन ०.१८ ग्रॅम वाढले. ०.१८ ग्रॅम म्हणजे १,८०,००० मायक्रोग्रॅम. त्यास १,५०० ने भागिले असता दर घनमीटरास १२० मायक्रोग्रॅम धूळ निघाली. श्वासाबरोबर आत जाणाऱ्या सूक्ष्म धुळीची चोवीस तासांची मर्यादा आपल्या देशात १०० आहे. तेव्हा “धूर फार झाला” ही तक्रार आता पुरावा झाली. तक्रार ऐकून सोडून देता येते. पुराव्यास उत्तर द्यावे लागते. शाळेत शिकलेला साधा भागाकार असा उपयोगी पडतो.

ह्या विद्येकरिता दूर जाण्याचीही गरज उरलेली नाही. दोन्ही जिल्ह्यांसाठी गडचिरोली येथे २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूरच्या सरदार पटेल महाविद्यालयात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे.

आता पोटापाण्याविषयी. खाणी व कारखाने ह्यांस कायद्यान्वये हवा-पाण्याची तपासणी करावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळास, प्रयोगशाळांस व महाविद्यालयांस जाणती माणसे लागतात. तथापि जागा मोजक्या व उमेदवार पुष्कळ, हे पालकांपासून लपविणे आम्हांस उचित वाटत नाही. आणखी एक गोष्ट वेळीच जाणून घ्यावी. भारतीय वन सेवेच्या परीक्षेस बसण्यास पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, पदार्थविज्ञान, गणित, संख्याशास्त्र अथवा पशुवैद्यक ह्यांपैकी एक तरी विषय असावा लागतो. नाही तर शेती, वनविद्या किंवा इंजिनिअरिंग ह्यांची पदवी हवी. त्या यादीत पर्यावरणशास्त्राचे नाव नाही. म्हणून वनाधिकारी होण्याची आकांक्षा असणाऱ्याने पदवीला ह्यांतील एखादा विषय घ्यावा व पर्यावरणशास्त्र पुढील पदवीसाठी राखावे, हे उत्तम.

परंतु ह्या विद्येचे मोल नोकरीपुरते नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावास २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामस्थ पुष्कळ वर्षांपासून अभ्यासगटात बसून कायदा व रान ह्यांचा विचार करीत आले होते. हक्क त्यांच्या पदरी पडला, त्यामागे ही पूर्वतयारी होती. आज अनेक ग्रामसभांस बांबू किती तोडावा व किती राखावा, ह्याचा हिशेब मांडावा लागतो. तो मांडणारा बाहेरून आणावा, की गावातलाच असावा? गोंडी अथवा माडिया बोलणारा, झाडे लहानपणापासून ओळखणारा मुलगा किंवा मुलगी ह्या कामी शहरच्या विद्यार्थ्यापुढे चार पावले असते. उणीव असते ती गणिताची व रसायनाची, आणि ती शाळेतच भरून निघते.

तेव्हा पालकांनी मुलाचा कल पाहावा, घाईने नकार देऊ नये. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही आजपासूनच एक वही करा. घरच्या विहिरीचे पाणी दर महिन्यास किती खाली गेले, ते दोरीने मोजून तीत लिहा. वर्षअखेर ती वही आम्हांस आणून दाखवा. मग कोणती विद्या घ्यावी, ह्याचा विचार आपण मिळून करू.