दीर्घ प्रवासातील काळ : पंढरीच्या वारीची शिकवण

तीर्थयात्रेचे फळ केवळ क्षेत्री पोहोचल्यावर लाभते, असे आपल्या परंपरेने कधीच मानलेले नाही. घरून निघताना केलेला संकल्प, वाटेतील संयम, सहयात्रेकरूंशी ठेवलेली वागणूक आणि शेवटी घडणारे दर्शन हे सर्व मिळून यात्रा पूर्ण होते. पूर्वी हा प्रवास पायी किंवा बैलगाडीने होत असे व त्यास कित्येक दिवस, प्रसंगी महिने लागत. आज रस्ते झाले, वाहने आली. तरीही दूरच्या गावाहून येणाऱ्या भाविकास आठ-दहा तास गाडीत बसावे लागते. हा वेळ कसा घालवावा, हा प्रश्न लहानांना आणि थोरांना सारखाच पडतो. बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर आता खिशातील मोबाईल देतो. एका गाडीतील चाळीस माणसे चाळीस निरनिराळी चित्रे पाहत क्षेत्री उतरतात.

दीर्घ वाटेवरील वेळेचा विचार महाराष्ट्रात अत्यंत बारकाईने झालेला आहे. तो कोणा एका ग्रंथात नसून आषाढी वारीच्या नित्यक्रमात आहे. वारीस पायी जाणे प्रत्येकास शक्य होते असे नाही. परंतु वारीने काळ कसा वापरला, हे समजून घेतल्यास कोणत्याही प्रवासात त्याचा उपयोग होतो.

वारीचा मार्ग व अवधी

श्रीसंत ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरात प्रवेश करते. श्रीसंत तुकाराम महाराजांची पालखी एक दिवस आधी, सप्तमीस, देहूहून प्रस्थान ठेवते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर असून ते सुमारे अठरा दिवसांत चालले जाते. तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी इ. स. १६८५ च्या सुमारास पालखी सोहळा सुरू केला. पुढे इ. स. १८३२ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील आरफळ गावचे हैबतबाबा यांनी माउलींच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा सुरू केला. हैबतबाबा हे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. दिंड्यांचे क्रम, चालण्याची व थांबण्याची शिस्त यांवर त्यांच्या लष्करी जीवनाची छाप आहे, असे मानले जाते.

प्रत्येक दिवसाची मजल सारखी नसते. पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत मोठा, सुमारे ३० किलोमीटरचा. त्यातच दिवे घाटाची चढण आहे आणि हा टप्पा बहुधा योगिनी एकादशीस येतो, म्हणजे अनेकांना उपवासही असतो. रथास जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. ऊन, पाऊस, चिखल यांपैकी काहीही वाट्यास येऊ शकते. तरीही साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे हा घाट चढून जातात. यामागे श्रद्धा आहेच. पण त्या श्रद्धेस आधार देणारी एक सुरेख व्यवस्थाही आहे.

दिवसाची बांधणी

वारीत पुढचा तास कसा घालवावा, असा विचार कोणास करावा लागत नाही. तो तास आधीच ठरलेला असतो. पहाटे काकडा व पादुकांची पूजा होते. सकाळी पालखी निघाली की मंगलाचरण, रूपाचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे यांची रूपके, गौळणी अशा क्रमाने भजन पुढे सरकते. सोमवारचे अभंग वेगळे, मंगळवारचे वेगळे. त्यांस वाराचे अभंग म्हणतात. दिवस कलू लागला की हरिपाठ होतो. मुक्कामी पोहोचल्यावर समाज आरती व त्यानंतर कीर्तन. या ठरलेल्या अनुक्रमास वारकरी भजनी मालिका असे म्हणतात.

या क्रमामुळे दिवसास आकार येतो. पायी चालणाऱ्यास मैलाचा दगड किती अंतर उरले ते सांगतो, तर भजनातील स्थान किती दिवस उरला ते सांगते. गौळणी सुरू झाल्या की सकाळ पुढे सरली, हरिपाठ लागला की मुक्काम जवळ आला, हे घड्याळाविना कळते. एकसुरी वाटू शकणारी दीर्घ वाट अशा रीतीने लहान लहान, ओळखीच्या भागांत विभागली जाते.

पाऊल, टाळ आणि समूह

दिंडीत पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे टाळकरी, मध्ये मृदंगवादक, विणेकरी आणि डोईवर तुळशीवृंदावन किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या महिला अशी रचना असते. एकाने चरण म्हणावा आणि इतरांनी तो उचलून धरावा, ही भजनाची पद्धत. यामुळे कोणाही एकावर सतत गाण्याचा भार पडत नाही. दमलेला वारकरी काही काळ नुसता टाळ वाजवितो, तोही जमला नाही तर नुसता चालतो. भजन मात्र खंडित होत नाही. श्वास सावरला की तो पुन्हा सुरात सूर मिसळतो.

टाळ-मृदंगाच्या ठेक्याशी पाऊल जुळले की चालण्याचे श्रम निराळे जाणवतात. लक्ष दुखणाऱ्या पायांवरून पुढच्या चरणाकडे वळते. शेतात लावणी करणाऱ्या, जात्यावर दळणाऱ्या आणि मोट हाकणाऱ्या माणसांना हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. श्रम दीर्घ असले की त्यांना गीताची जोड द्यावी, हे शहाणपण शेतातून व घरातून वारीच्या वाटेवर आले असावे.

रिंगण आणि विसावे

सतत एकच गोष्ट केल्यास भक्तीही थकते, याची जाणीव परंपरेस आहे. म्हणूनच वाटेवर खेळ आहेत. तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे माउलींच्या सोहळ्याचे पहिले उभे रिंगण होते. पुढे मोकळ्या मैदानांवर गोल रिंगणे होतात. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारे अश्व रिंगणात धावतात. त्यांतील एकावर स्वार असतो व दुसरा, माउलींचा म्हणून मानलेला, स्वाराविना धावतो. त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यास भाविकांची झुंबड उडते. त्यानंतर टाळकरी-मृदंगवादकांच्या उड्या, पावल्या, फुगड्या, हुतुतू असे खेळ रंगतात. त्यात सासू-सुना, वृद्ध-तरुण असा भेद उरत नाही. तुकोबारायांच्या वाटेवर काटेवाडी येथे तर मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढपाळ आपले कळप पालखीभोवती धावडवितात.

या खेळांचे स्थानही विचारपूर्वक आहे. दिवे घाटाचे श्रम, नीरा नदीतील पादुकांचे स्नान आणि लोणंदचा मुक्काम मागे पडल्यावर पहिले रिंगण येते. पुढे वेळापूरच्या परिसरात धावा होतो. तेथून तुकोबारायांना पंढरीचा कळस दिसला व ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. प्रवासाच्या अखेरीस, शरीर सर्वाधिक थकलेले असताना, वारकरी धावतो. वाटेत पुढे काहीतरी वाट पाहत आहे, ही भावना दीर्घ प्रवासास किती बळ देते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

समाज आरती : दिवसाचा शेवट

मुक्कामी पालखी आल्यावर सर्व दिंड्या वर्तुळाकार उभ्या राहतात. टाळांचा गजर चालू असतो. चोपदार आपला दंड उंचावतात आणि हजारोंचा समुदाय क्षणात शांत होतो. एखाद्या दिंडीची काही तक्रार असल्यास ती दिंडी मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तेथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात आणि त्याचे निवारण करतात. नंतर हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची माहिती व दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते.

दीर्घ सहप्रवासात कुरबुरी होणारच. त्या मनात ठेवून झोपू नये, दिवसाचे गाऱ्हाणे त्याच दिवशी मिटावे, यासाठी परंपरेने जागा ठेवली आहे. सहकुटुंब प्रवास करणाऱ्यांनीही ही पद्धत ध्यानी घेण्यासारखी आहे.

मुखोद्गत धन

वारीच्या वाटेवर जे घडते त्याचा सर्वांत मोठा लाभ पंढरपुरात न दिसता घरी परतल्यावर दिसतो. ज्ञानदेवांनी इ. स. १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली. त्यांचा सत्तावीस अभंगांचा हरिपाठ (पाठभेदाने अठ्ठावीस) आज अक्षरओळख नसलेल्या वृद्धांनाही मुखोद्गत असतो. एकनाथ महाराजांच्या (इ. स. १५३३–१५९९) गौळणी व भारुडे, नामदेवरायांचे आणि तुकोबारायांचे अभंग यांचीही तीच गोष्ट. हे पाठांतर शाळेत झाले नाही. आजोबांच्या शेजारी चालणाऱ्या नातवाने, सासूमागून चालणाऱ्या सुनेने, ते वाटेवर ऐकून ऐकून आत्मसात केले. अठरा दिवसांची रिकामी वाट ही वारकऱ्यांची पाठशाळाच ठरली.

वाट चालणाऱ्या अभ्यासकांनीही तिची दखल घेतली आहे. विदुषी इरावती कर्वे यांनी पालखीबरोबर चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. तो ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहात आहे. ज्या प्रदेशातील लोक पंढरपूरच्या वारीस जातात तो महाराष्ट्र, अशा आशयाची व्याख्या त्यांना या वाटेवर सुचली. साहित्यिक दि. बा. मोकाशी यांनी १९६१ मध्ये वारी करून ‘पालखी’ हे पुस्तक लिहिले. ते १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले.

इरावतीबाईंनी एक खंतही नोंदविली आहे. दिवसभर एकच अभंग गाणारी माणसे जेवणाच्या वेळी मात्र जातीनुसार वेगळी बसत होती. एकत्र गाण्याने मने जवळ येतात. परंतु पंगतीचे अंतर मिटविण्यास प्रत्येकाने आपले पाऊल उचलावे लागते, हे त्या नोंदीवरून कळते. संतांची शिकवण गळ्यात उतरली, ती आचरणातही उतरावी, हे काम आजही संपलेले नाही.

इ. स. २०२० व २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. मानाच्या पादुका एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. अठरा दिवसांचे अंतर काही तासांत पार झाले. पादुका पोहोचल्या, परंपरा अखंड राहिली. मात्र वाटेवरचे भजन, रिंगण आणि मुक्काम यांची उणीव अनेकांना जाणवली. २०२२ मध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या. वाटेतील काळ हा यात्रेचाच भाग आहे, हे त्या दोन वर्षांनी शिकविले.

वाहनाने येणाऱ्या भाविकांसाठी

वारीतील नित्यक्रम जसाच्या तसा गाडीत आणणे शक्य नाही व आवश्यकही नाही. तथापि पुढील गोष्टी सहज करता येतील :

१. प्रवासाच्या वेळेचे भाग पाडावेत. निघताना प्रार्थना, सकाळी भूपाळी किंवा अभंग, दुपारी विश्रांती, सायंकाळी हरिपाठ. साध्या चालीत हरिपाठास अर्धा-पाऊण तास पुरतो.

२. प्रत्येक प्रवासात मुलांना एक नवा अभंग पाठ करण्यास द्यावा. परतीच्या वाटेवर तो त्यांच्याकडून ऐकावा.

३. ज्येष्ठांना त्यांच्या काळातील यात्रेच्या आठवणी विचाराव्यात. त्या ऐकण्यास असा निवांत वेळ घरी मिळत नाही.

४. वाटेत लागणाऱ्या नद्या, घाट, गावे व देवस्थाने यांची नावे मुलांना सांगावीत.

५. ठराविक अंतराने थांबून पाय मोकळे करावेत. चालकासही विश्रांती द्यावी. रात्री मोठ्या आवाजात भजन अथवा ध्वनिफिती लावून इतरांची झोपमोड करू नये.

६. मोबाईल निरोप व आवश्यक कामापुरता वापरावा.

७. प्रवासात काही रुसवेफुगवे झाल्यास दर्शनापूर्वी ते मिटवावेत.

ज्या दानशूर भाविकांना यात्रेकरूंची सेवा करावयाची आहे, त्यांनी अन्नदान, पाणी व औषधोपचार यांसोबत आपल्या गावच्या भजनी मंडळास टाळ-मृदंग किंवा मोठ्या टाइपातील हरिपाठाच्या पोथ्या देण्याचाही विचार करावा. पाठांतर असलेली पिढी वृद्ध होत आहे. तिच्या मुखातील धन पुढील पिढीच्या मुखी जाण्यासाठी काही तास एकत्र बसणे एवढेच लागते, आणि ते तास प्रत्येक दीर्घ प्रवास आपणहून देत असतो.

सर्व भाविकांचा प्रवास सुखरूप होवो, वाटेतील प्रत्येक घटका नामस्मरणात व परस्परप्रेमात जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.