गियरचा दांडा आणि पायांतील बूट

तरफेचा नियम आपण सर्वांनीं वर्गांत पाठ केलेला असतो. टेकूपासून जितक्या दूर जोर लावावा, तितका तो कमी पुरतो. परंतु त्याच प्रमाणांत अधिक अंतर चालावें लागतें, हें उत्तरपत्रिकेंत लिहून आपण मोकळे होतों. हाच नियम मोटारसायकलस्वाराच्या डाव्या पायापाशीं रोज काम करीत असतो. तो कसा, हें या लेखांत पाहूं.

गिरगांव, दादर, परळ, लालबाग या भागांत सकाळीं कामावर निघालेल्या मंडळींच्या दुचाकी पाहाव्या. त्यांपैकीं पुष्कळांचा गियरचा दांडा दुहेरी असतो. पुढील टोक चवड्यानें व मागील टोक टाचेनें दाबावयाचें. १९९४ सालीं निघालेली हिरो होंडा स्प्लेंडर ही याच जातीची. तिचे चारही गियर चवडा दाबून चढतात व टाच दाबून उतरतात. पायांत चप्पल असो वा ऑफिसचा पॉलिश केलेला बूट असो, दांड्याखालीं पाय घालण्याचा प्रसंगच येत नाहीं.

खडबडीत वाटेसाठीं केलेल्या गाड्यांची रीत निराळी. २०१६ सालची रॉयल एन्फील्ड हिमालयन किंवा २०१९ सालची हिरो एक्सपल्स २०० घ्या. यांचा दांडा एकेरी असतो. पहिला गियर खालीं दाबून पडतो. पुढील सर्व गियर मात्र दांड्याखालीं चवडा घालून वर उचलावे लागतात. अशा वाटांवर घोटा व नडगी सांभाळणारा कडक बूट घालणें अगत्याचें. पण त्याचा चवडा जाड असल्यामुळें तो दांड्याखालीं शिरत नाहीं. घोटाहि बुटांत फारसा वांकत नसल्यानें स्वारास सारा पाय उचलावा लागतो. चढणीवर पहिल्यावरून दुसरा गियर टाकतांना दांडा अर्धाच उचलला गेला, तर गाडी न्यूट्रलमध्यें अडकते, तिचा जोर तुटतो आणि चिखलांत ती आडवी होते. या त्रासाला कंटाळून कित्येक जण कसारा किंवा माळशेज घाटाकडे निघतांना बूट घरींच ठेवतात. मग दीडशें किलोंहून अधिक वजनाची गाडी कलंडली, म्हणजे तो भार उघड्या घोट्यावर येतो. यासाठीं बूट सोडण्यापेक्षां दांडा बुटाच्या मापाचा करून घेणें हाच शहाणपणाचा मार्ग होय.

प्रथम माप घ्यावें. गाडी स्टँडवर सरळ उभी करून, बूट घालूनच तीवर बसावें. टाच फुटरेस्टवरून न उचलतां चवडा दांड्याखालीं सहज गेला पाहिजे. नंतर फुटरेस्टवर उभें राहून पाहावें. कारण खराब वाटेवर स्वार उभ्यानेंच गाडी चालवितो, आणि उभें राहिल्यावर चवडा खालीं झुकतो. दांडा फार उंच केला तर तो खालीं दाबणें अवघड जातें, आणि चवडा वर विसांवत असल्यास नकळत गियर पडतो. दोन्ही स्थितींत सोयीची अशी मधली जागा शोधावी.

दुसरी गोष्ट, कांहींहि कापण्यापूर्वीं दांडा फिरवून पाहावा. तो ज्या शाफ्टवर बसतो त्यास सभोंवार दांते असतात. दांडा व शाफ्ट यांवर खुणेची रेघ ओढावी, बोल्ट पूर्ण काढावा, आणि दांडा एक दांता वर बसवावा. समजा, दांते ३६ आहेत व दांडा १२ सेंटिमीटर लांब आहे. एका दांत्यानें कोन १० अंशांनीं बदलेल व टोंक सुमारें २ सेंटिमीटर वर जाईल. बहुधा एवढ्यानेंच काम भागतें. कांहीं गाड्यांत दांडा व शाफ्ट यांमध्यें आट्यांची सळई असते. तिचे लॉकनट सैल करून सळई फिरविली असतां याहूनहि बारीक फेर करतां येतो.

बूट लांबीला मोठा असेल तर दांडा वाढवावा लागतो, आणि येथें तरफेचा नियम पुढें येतो. १२ सेंटिमीटरचा दांडा १४ चा केला, तर जोर सुमारें सातव्या हिश्शानें कमी लागेल. पण टोंकास सुमारें सहाव्या हिश्शानें अधिक प्रवास करावा लागेल. एका हातानें मिळालेलें दुसऱ्या हातानें द्यावें लागतें. म्हणून गरजेपुरतेंच वाढवावें.

वेल्डिंग करावयाचें झाल्यास दांडा गाडीवरून उतरवूनच करावें. नाहींतर उष्णतेनें तेलाचें सील जळतें, आणि विजेच्या वेल्डिंगनें गाडींतील नाजूक विद्युत्‌यंत्रणा बिघडूं शकते. दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर विशेष जपावें. तापल्यावर तो लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाहीं, एकदम ढांसळतो. आणखी एक मोह टाळावा, तो म्हणजे जाड पोलादी दांडा लावण्याचा. दगडावर आपटल्यावर तो वांकत नाहीं, म्हणून धक्का थेट शाफ्टला व इंजिनाच्या कवचाला पोंचतो. स्प्रिंग लावलेलें, दुमडणारें टोंक अशा वेळीं स्वतः झुकून मौल्यवान भाग वांचवितें.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून, मागील चाक हातानें फिरवीत सर्व गियर टाकून पाहावे. दांडा कवचास घासत नाहीं ना, तें तपासावें. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हां आवळावा.

विद्यार्थिमित्रहो, गियरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना अठराव्या वर्षापूर्वीं मिळत नाहीं. परंतु माप घेणें, खूण करणें, जें पूर्ववत् करतां येईल तें आधीं करून पाहणें आणि कापण्याचें काम शेवटीं ठेवणें, ही शिस्त शिकण्यास वयाची अट नाहीं. घरांतील शिवणयंत्र किंवा सायकल हातीं घ्या व तिजवरच ती गिरवा. पुढें रस्त्यावर हीच शिस्त तुमचा घोटा सांभाळील.