ड्राइव्ह बदलण्याआधी

चि. मल्हार यास,


तुझं पत्र वाचलं. विमान धावपट्टी सोडतं न सोडतं तोच सिम्युलेटर आपोआप बंद होतो आणि समोर नुसता डेस्कटॉप उरतो. म्हणून मित्रांच्या सांगण्यावरून तू मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर सी ड्राइव्हवरून काढून डी ड्राइव्हवर नव्याने टाकायला निघाला आहेस. हा सल्ला निराधार नाही. इन्स्टॉलेशनची जागा चुकल्यामुळे सिम्युलेटर कोसळतात, हे खरंच आहे. पण ड्राइव्हचं अक्षर त्याला कोसळवत नाही. जागेबरोबर ज्या गोष्टी येतात त्या कोसळवतात: तिथे लिहिण्याची परवानगी, शिल्लक जागा, पाथची लांबी, खुद्द डिस्कची तब्येत. यातली तुझ्याकडे नेमकी कोणती बिघडली आहे ते न ठरवता हलवाहलव केलीस, तर दुखणं कदाचित जाईल, पण ते का गेलं हे तुला कळणार नाही. मग ते परत आलं की तुझ्या हातात काहीच नसेल.

हा सल्ला मुळात आला कुठून ते आधी बघ. तुझ्या सिम्युलेटरची जुनी आवृत्ती, फ्लाइट सिम्युलेटर एक्स, ऑक्टोबर २००६ मध्ये आली आणि जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आली. त्याआधी विंडोज एक्सपीवर घरोघरची मंडळी बहुतेक अॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करत, त्यामुळे कुठलाही प्रोग्रॅम कुठेही लिहू शके. व्हिस्टाने प्रोग्रॅम फाइल्स हा फोल्डर राखीव केला. जुना ३२-बिट प्रोग्रॅम तिथे लिहू लागला की विंडोज त्याला अडवत नसे. ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या अॅपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवली जाई. सिम्युलेटरच्या अॅड-ऑनला वाटे आपण फाइल बदलली, प्रत्यक्षात एकाच फाइलच्या दोन प्रती झालेल्या असत. तोच प्रोग्रॅम साधा चालवला तर एक प्रत दिसे आणि अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला तर दुसरी. काल चाललेलं विमान आज का चालत नाही, याचं उत्तर पुष्कळदा इथे असे. म्हणून जाणकार सांगू लागले की सिम्युलेटर प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका. सी ड्राइव्हवरच साधा वेगळा फोल्डर केला तरी हे काम भागत होतं. सल्ला फोल्डरबद्दलचा होता. एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता त्याचं 'सी वाईट, डी चांगला' असं झालं. एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर बनवणारेही तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका असंच सांगतात, कारण तो आपल्या सेटिंग्ज आणि नोंदी आपल्याच फोल्डरात लिहितो.

शिवाय सिम्युलेटर डीवर नेला म्हणजे सगळाच डीवर गेला असं होत नाही. फ्लाइट सिम्युलेटर एक्सची मुख्य सेटिंगची फाइल वापरकर्त्याच्या अॅपडेटामध्ये असते आणि सीनरीची यादी प्रोग्रॅमडेटामध्ये. दोन्ही सहसा सीवरच राहतात. तुझ्याकडच्या २०२० च्या आवृत्तीतही विमानं आणि भूप्रदेश यांची पॅकेजं तू निवडशील त्या ड्राइव्हवर जातात, पण ती कुठे आहेत हे सांगणारी युजरसीएफजी नावाची फाइल सीवरच असते. बिघाड अशा फाइलमध्ये असेल तर तो नव्या ड्राइव्हवरही तुझ्या मागोमाग येणार. काही बिघाडांचा तर जागेशी संबंधच नसतो. फ्लाइट सिम्युलेटर एक्स ३२-बिट असल्याने त्याला मेमरीचे फार तर ४ जीबी पत्ते वापरता येतात. जड सीनरीने ते संपले की तो कोसळणार, मग तो कुठल्याही ड्राइव्हवर असो.

तू म्हणशील, 'पण मित्रांचा सिम्युलेटर डीवर नेल्यावर खरोखरच बंद पडायचा थांबला.' थांबला असेल. पण नव्याने इन्स्टॉल करताना एकाच वेळी किती गोष्टी बदलतात ते मोज. बिघडलेल्या फाइलींच्या जागी ताज्या फाइली येतात. कम्युनिटी फोल्डर रिकामा होतो, म्हणजे तऱ्हेतऱ्हेची अॅड-ऑन एका झटक्यात बाद होतात. आणि सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सी ड्राइव्हवर जागा मोकळी होते. २०२० च्या आवृत्तीला निदान १५० जीबी जागा लागते. लहान एसएसडीवर विंडोजशेजारी तिला बसवलं की विंडोजच्या पेजफाइलला, म्हणजे मेमरीला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेल्या फाइलला, वाढायला जागा उरत नाही. सिम्युलेटरने आणखी मेमरी मागितली आणि ती मिळाली नाही की तो कोसळतो. तो डीवर नेल्यावर हे थांबतं, पण ते डीच्या गुणाने नव्हे. सीवर तेवढी जागा मोकळी केली असती तरी तेच झालं असतं. उपाय लागू पडला एवढ्यावरून निदान बरोबर होतं असं ठरत नाही, आणि मला सगळ्यात काळजी वाटते ती तू हे मानून बसशील याची.

मग पुरावा कुठे आहे? तो तुझ्याच संगणकात आहे, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये. विंडोज लॉग्जमधल्या अॅप्लिकेशन या भागात, कोसळण्याच्या मिनिटाला, १००० क्रमांकाची नोंद सापडेल. तिच्यातला एक्सेप्शन कोड वाच. ०एक्ससी००००००५ असेल तर प्रोग्रॅमने मेमरीच्या अशा भागाला हात लावला जिथे त्याला परवानगी नव्हती. याला अॅड-ऑन, ड्रायव्हर, ओव्हरक्लॉकिंग, खराब रॅम असं काहीही कारणीभूत असू शकतं, त्यामुळे एकट्या या कोडवरून ड्राइव्हवर आळ घेता येत नाही. पण ०एक्ससी००००००६ असेल तर गोष्ट वेगळी. फाइलमधला हवा तो भाग डिस्कवरून मेमरीत आणताच आला नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा डिस्क, केबल किंवा बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हचं यूएसबी कनेक्शन यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे. मग सिस्टिम या भागात त्याच वेळेच्या आसपास डिस्कच्या नावाने ७, ५१ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी आहेत का पाहा. २००४ ची नोंद दिसली तर मेमरी अपुरी पडत होती असं समज. नोंदीत ज्या मॉड्यूलचं नाव येतं त्याला मात्र लगेच गुन्हेगार ठरवू नकोस. प्रोग्रॅम कुठे पडला एवढंच ते नाव सांगतं, कोणी पाडला ते सांगत नाही. तिथे अनेकदा एनटीडीएलएल हे विंडोजच्या गाभ्यातल्या फाइलचं नाव दिसतं. ती फाइल इंटरनेटवरून उतरवून बदलायच्या भानगडीत चुकूनही पडू नकोस.

'एवढं कशाला, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला की झालं,' असाही सल्ला तुला मिळेल. त्याने परवानगीचा अडसर दूर होतो हे मान्य. पण सिम्युलेटरबरोबर चालणाऱ्या, कोणी कोणी लिहिलेल्या प्रत्येक अॅड-ऑनला तू संगणकाच्या साऱ्या किल्ल्या देतोस. आणि वर सांगितलेल्या दोन प्रतींचा घोळ मिटण्याऐवजी झाकला जातो. फोल्डर योग्य जागी असेल तर या उपायाची गरजच पडू नये. फोल्डरचं नाव आखूड ठेव, कारण जुन्या प्रोग्रॅमांना सुमारे २६० अक्षरांपलीकडचा पाथ झेपत नाही. आणि आपल्या लिपीवर माझं कितीही प्रेम असलं तरी इथे देवनागरी नाव देऊ नकोस. युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांसाठी विंडोजमध्ये देवनागरीचं कोडपेजच नाही. त्यांना त्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात आणि फाइल सापडत नाही.

या सगळ्याला वेळ लागतो, त्यापेक्षा नव्याने टाकणं सोपं, हा आक्षेप उरतो. १५० जीबी पुन्हा उतरवणं काही सोपं नाही, आणि त्यात आत्ताची बिघडलेली अवस्थाच पुसली जाते, जी तुझा एकमेव साक्षीदार आहे. त्याऐवजी नोंदी वाचून झाल्यावर कम्युनिटी फोल्डरचं नाव तात्पुरतं बदल आणि तेच उड्डाण पुन्हा कर. तरीही कोसळला तर पॅकेजांचा फोल्डर डीवर कॉपी कर, युजरसीएफजीमधल्या शेवटच्या ओळीतला पाथ बदल आणि परत तेच उड्डाण कर. एका वेळी एकच बदल. डीवर नीट चालला तर पाथ पुन्हा सीकडे वळव. तिथे तो पुन्हा कोसळला, तरच जागेवरचा आरोप सिद्ध झाला असं मी मानेन, आणि तेव्हाही जागेतलं नेमकं काय बिघडलं ते नोंदींतूनच ठरेल.

एक गोष्ट मात्र आजच कर. डिस्कच खराब होत असण्याची शक्यता असताना घरातले फोटो आणि तुझं कॉलेजचं काम त्याच डिस्कवर राहू देऊ नकोस. आधी त्यांची प्रत दुसरीकडे काढ, मगच या तपासण्यांना हात घाल. पुढच्या वेळी सिम्युलेटर बंद पडला की घड्याळातली वेळ लिहून ठेव, त्या मिनिटाच्या नोंदी जशाच्या तशा मला पाठव, आणि माझं उत्तर येईपर्यंत काहीही अनइन्स्टॉल करू नकोस.

तुझी,
आत्या