शाळकरी मुलांच्या प्रयोगांना वाट दाखवणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ भाचीस



‘बोटॅनिकल सोसायटी ऑफ अमेरिका’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून चाललेल्या ‘प्लँटिंग सायन्स’ या उपक्रमात चि. भाचीने मार्गदर्शकाचे काम स्वीकारल्याची वार्ता कळून घरात सर्वांना समाधान वाटले. शाळेतील मुलांचे छोटे गट वनस्पतींवर स्वतः आखलेले प्रयोग वर्गातच करतात आणि दूरच्या विद्यापीठातील एखादा वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांच्याशी लेखी संवाद ठेवतो, अशी या उपक्रमाची घडण असल्यामुळे मार्गदर्शकाला ना मुलांच्या कुंडीला हात लावता येतो, ना त्यांची चुकलेली मोजणी सुधारता येते. ही अडचण नसून सोय आहे, कारण ज्याला रोप दिसतच नाही त्याने रोपाविषयी विचारलेला प्रश्न खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मुलांना पुन्हा एकदा रोपाकडे नीट पाहावे लागते.

या कामातील सर्वांत मोठा मोह ज्ञानाचाच आहे. ज्याने आयुष्याची कित्येक वर्षे पानांच्या अभ्यासात घालवली, त्याला चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा प्रश्न वाचताक्षणी उत्तर सुचते आणि ते देऊन टाकण्यात त्याला निर्मळ आनंदही वाटतो. परंतु उत्तर हाती पडले की प्रयोग हा केवळ एक उपचार उरतो आणि मुले निरीक्षणाऐवजी मान्यता शोधू लागतात. म्हणून मार्गदर्शकाने उत्तर राखून ठेवावे, मात्र प्रश्नाला आकार देण्यात हात आखडता घेऊ नये. ‘रोपांना संगीत आवडते का?’ असे एखाद्या गटाने विचारले, तर तो प्रश्न पोरकट म्हणून बाजूला सारणे हा अन्याय ठरेल. आवडले तर रोपात नेमके काय वेगळे दिसेल आणि ते कशाने मोजता येईल, एवढे विचारले की मुले आपण होऊन उंची, पानांची संख्या किंवा अंकुरणाचा वेळ यांच्याकडे वळतात. गृहीतक, म्हणजे चुकीचे ठरण्याची शक्यता असलेले आणि म्हणूनच तपासता येण्याजोगे विधान, हे अशा रीतीने त्यांच्याच प्रश्नातून तयार होते.

पर्णचकत्यांचा प्रयोग या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. पालकाच्या पानातून पेयाच्या नळीने लहान गोल चकत्या कापतात, खाण्याचा सोडा आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब मिसळलेल्या पाण्यासह त्या सुई नसलेल्या सिरिंजमध्ये घेतात आणि तोंडावर बोट दाबून दट्ट्या मागे ओढतात. त्यामुळे पानातील पोकळ्यांमधली हवा निघून जाते, तिथे द्रावण शिरते आणि चकत्या तळाशी बसतात. मग त्या द्रावणासह पेल्यात ओतून प्रकाशात ठेवल्यावर, सोड्यातून मिळणारा कार्बन डायऑक्साइड वापरून प्रकाशसंश्लेषण, म्हणजे प्रकाशाच्या बळावर अन्न घडवण्याची क्रिया, सुरू होते आणि साठत जाणाऱ्या ऑक्सिजनमुळे चकत्या एकेक करून वर येऊ लागतात. त्याच चकत्या अंधारात ठेवल्या तर श्वसनात तो ऑक्सिजन खर्ची पडून त्या पुन्हा बुडतात. समजा, एका गटाने लाल आणि हिरवा असे दोन दिवे वापरले, लाल दिव्याखाली चकत्या लवकर तरंगल्या आणि ‘वनस्पती हिरवा प्रकाश वापरत नाहीत’ असा निष्कर्ष मुलांनी लिहून पाठवला. पानात शिरलेला हिरवा प्रकाश बऱ्याच अंशी शोषला जातो आणि प्रकाशसंश्लेषणात उपयोगीही पडतो, हे चि. भाचीला ठाऊक आहे. पण ते सांगण्याची वेळ अजून आलेली नसते. दोन्ही दिव्यांचा प्रकाश पेल्यावर सारख्याच तीव्रतेने पडत होता का, एका पेल्यातील पाणी अधिक तापले होते का, सोडा न घातलेल्या पाण्यातील चकत्या त्याच दिव्याखाली काय करतात, आणि हिरव्या दिव्याखाली एकही चकती वर आली नाही की थोड्या उशिराने आल्या, एवढे प्रश्न पुरेसे आहेत. यांतील सोडा नसलेला पेला म्हणजे नियंत्रण, अर्थात ज्या एका गोष्टीचा परिणाम शोधायचा ती वगळून बाकी सर्व तसेच ठेवलेला जोडप्रयोग. त्यातल्याही चकत्या तरंगल्या, तर त्यांना वर आणणारे कारण दुसरेच काही असावे, हे मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण त्याचे उत्तर मुलांच्या वहीतच पडलेले असते आणि घाईघाईने लिहिलेल्या निष्कर्षाने ते झाकले गेलेले असते.

मोजमाप निर्दोष असूनही अनुमान घसरू शकते, हे पटवण्यास सतराव्या शतकातील संशोधक व्हॅन हेल्मोंट याच्या विलोच्या झाडासारखे उदाहरण नाही. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती कुंडीत भरून तीत ५ पौंडांचे रोप लावले, पाच वर्षे केवळ पाणी घातले आणि अखेरीस झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेल्याचे, मातीचे मात्र सुमारे २ औंसच घटल्याचे नोंदवले. झाड मातीतून घडत नाही हा त्याचा निष्कर्ष बव्हंशी टिकला, परंतु ते सारे पाण्यातूनच घडले ही त्याने मारलेली पुढची उडी फसली. विशेष हे की, कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचा अभ्यास करणारा हा माणूस झाडाभोवतीच्या हवेचा विचार करायला विसरला. त्याचे हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये, प्रसिद्ध झाले. मुलांना ही हकीकत सांगताना निष्कर्ष झाकून ठेवावा, केवळ आकडे द्यावेत आणि त्यांवरून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, हे त्यांनाच लिहू द्यावे. चार्ल्स डार्विन आणि त्याचा पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० च्या ग्रंथात गवताच्या कोवळ्या कोंबांविषयी जे लिहिले, तेही याच वयात कळण्याजोगे आहे: शेंड्यावर प्रकाश अडवणारी टोपी घातली की कोंब प्रकाशाकडे वळत नाही, एवढ्यावर न थांबता त्यांनी काही कोंबांवर पारदर्शक काचेचे आवरणही घालून पाहिले, म्हणजे टोपीच्या निव्वळ ओझ्याने कोंब अडला की अंधाराने, ही शंका उरू नये.

प्रयोग फसला असे मुले कळवतील, तेव्हा मार्गदर्शकाने सांत्वन करू नये आणि घाईने नवा प्रयोगही सुचवू नये. समजा, एखाद्या द्रावणात ठेवलेले मूग उगवलेच नाहीत, तर किती बियांपैकी किती उगवल्या नाहीत, त्या कुजल्या की फुगल्याच नाहीत, आणि साध्या पाण्यातल्या बियांचे काय झाले, हे विचारावे. कारण फुगून कुजलेली बी आणि पाणीच न शोषलेली बी या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यानंतर मूळचे गृहीतक निकालाशी जुळवून घेण्यासाठी मागाहून बदलण्याची ओढ मुलांना होतेच, विशेषतः जिथे गुणांची टांगती तलवार असते तिथे, आणि ती मोडण्याचा एक उपाय चि. भाचीने पहिल्याच आठवड्यात योजावा: प्रयोग सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गटाकडून अपेक्षा व तिच्यामागचे कारण तारखेसह लिहून घ्यावे, वर्गशिक्षकांशी बोलून ती नोंद न खोडण्याचे ठरवावे, आणि अखेरच्या अहवालात ती जशीच्या तशी, निकालाच्या शेजारी, छापायला लावावी.